कल्पना कुणाची, श्रेय कुणाचं?

ब्रिटिश अभिनेत्री जीन मार्श १३ एप्रिल २०२५ रोजी गेल्या, वयाच्या ९० व्या वर्षी. 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' या मालिकेत त्यांनी रोझ बक नावाची मोलकरीण साकारली होती. त्यांचं नाव निघालं की दोन मतं हमखास ऐकायला मिळतात. बाई एका भूमिकेच्या अभिनेत्री होत्या, हे पहिलं. आणि ती मालिका म्हणजे श्रीमंत इंग्रजांच्या गतवैभवाचं गोडगोड स्मरणरंजन, 'डाउन्टन ॲबी'ची आजी, हे दुसरं. जुनी इंग्रजी घरं, चांदीची भांडी आणि पांढऱ्या हातमोज्यांतले नोकर हल्ली आपल्याकडेही घरबसल्या आवडीनं पाहिले जातात, त्यामुळे ही मतं मराठी बोलण्यातही शिरली आहेत. मला ती दोन्ही अमान्य आहेत. त्यांत माहितीची चूक आहेच, शिवाय अन्याय आहे. कष्टकऱ्यांच्या घरांतून आलेल्या दोन बायकांनी इंग्रजी दूरचित्रवाणीला एक अडचणीचा प्रश्न विचारला होता. या दोन मतांच्या खाली तो प्रश्नच गाडला जातो.

तो प्रश्न समजण्यासाठी १९६७ साली जावं लागतं. त्या वर्षी बीबीसीनं जॉन गाल्सवर्दींच्या कादंबऱ्यांवरून 'द फोरसाइट सागा' ही २६ भागांची मालिका दाखवली आणि सगळा देश तिच्या मागे लागला. फोरसाइट घराण्यातले वारसाहक्क, विवाह, वैर. बायकांचे झगे प्रसंगागणिक बदलत होते. जीन मार्श आणि त्यांची मैत्रीण आयलीन ॲटकिन्स यांना ते पाहताना प्रश्न पडला: हे कपडे धुतं कोण? इस्त्री कोण करतं? शेगडीत कोळसा कोण घालतं, आणि पहाटे किती वाजता उठून? पडद्यावर त्या माणसाला दोन सेकंदांपलीकडे जागा नव्हती. ते ट्रे घेऊन यायचं, वाकायचं आणि निघून जायचं.

हा प्रश्न त्यांनाच का पडला, याचं उत्तर त्यांच्या जन्मात आहे. दोघीही १९३४ सालच्या, जेमतेम दोन आठवड्यांच्या अंतरानं लंडनमध्ये जन्मलेल्या. ॲटकिन्स यांचे वडील गॅसचे मीटर तपासत फिरायचे, त्याआधी ते एका राजदूताकडे दुय्यम मोटारचालक होते. मार्श स्टोक न्यूइंग्टनच्या. वडील इमारतींच्या देखभालीची आणि छापखान्यातली मदतनिसाची कामं करत, आई दारूच्या गुत्त्यात काम करायची आणि नाटकवाल्यांचे कपडे सांभाळायची. युद्धाच्या काळात लहानगी जीन आजारी पडली. पायांत ताकद यावी म्हणून तिला नाचाच्या वर्गाला घातलं, आणि तिथून ती रंगमंचावर आली. लोकांच्या घरची नोकरी म्हणजे काय, हे या दोघींनी पुस्तकातून वाचलं नव्हतं. ते त्यांच्या घरच्या आठवणींत होतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये घरकामाच्या नोकरीत दहा लाखांहून अधिक बायका होत्या. पोटासाठी काम करणाऱ्या बायकांचा तो सर्वांत मोठा व्यवसाय होता, कापडगिरण्यांहूनही मोठा. म्हणजे १९७० च्या सुमारास दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या इंग्रज कुटुंबांपैकी असंख्यांच्या आज्या कुणाच्या तरी तळघरात भांडी घासलेल्या होत्या. तरी पडद्यावर इतिहास दाखवायचा म्हटलं की तो दिवाणखान्यातलाच असायचा. मार्श आणि ॲटकिन्स यांनी त्या इतिहासाची उभी मांडणी सुचवली: एकच घर, दोन मजले, दोन्ही मजल्यांना सारखा वेळ. सुरुवातीला त्यांनी दिलेलं नाव 'बिहाइंड द ग्रीन बेझ डोअर' असं होतं. मोठ्या घरांत मालकांचा भाग आणि नोकरांचा भाग यांच्यामध्ये हिरवं जाड कापड ठोकलेलं दार असे, खालचे आवाज आणि वास वर जाऊ नयेत म्हणून. त्या दाराच्या मागे कॅमेरा न्यायचा, एवढं आणि एवढं मोठं त्यांचं म्हणणं होतं.

इथे पहिला आक्षेप येतो: कल्पना काय, कुणालाही सुचते. संहिता तर इतरांनी लिहिल्या. मालिकेची बांधणी जॉन हॉक्सवर्थ आणि जॉन व्हिटनी यांच्या निर्मितीसंस्थेनं केली, संहिता-संपादन आल्फ्रेड शॉनेसी यांनी केलं. मग मार्श यांचं श्रेय ते काय?

यातली माहिती खरी आहे. मूळ कल्पना विनोदी अंगाची होती, खेड्यातल्या मोठ्या हवेलीत घडणारी होती. ती लंडनच्या १६५, ईटन प्लेस या घरात आणि राजे सातवे एडवर्ड यांच्या काळात आली ती पुढच्या लोकांमुळे, आणि त्यांचं काम मोलाचं आहे. शॉनेसी यांचे सावत्र वडील राजदरबारी होते. वरच्या मजल्यावरच्या माणसांचं उठणं-बसणं, बोलण्यातल्या खाचाखोचा त्यांना आतून ठाऊक होत्या आणि ते सगळं त्यांनी मालिकेत आणलं. पण याच गोष्टीमुळे मार्श यांचं श्रेय कमी होत नाही, उलट स्पष्ट होतं. वरच्या मजल्याचे जाणकार इंग्रजी दूरचित्रवाणीला कधीच कमी नव्हते. खालच्या मजल्याला कथा असते, इच्छा असतात, मत्सर असतो, आणि त्या कथेला वरच्या कथेइतकाच वेळ द्यायला हवा, ही अट घालणारं कुणी नव्हतं. ती अट या दोघींनी घातली. त्या अटीशिवाय उरते ती आणखी एक फोरसाइट घराणं दाखवणारी मालिका. ज्या गोष्टीवर सगळं उभं आहे ती गोष्ट 'फक्त कल्पना' म्हणून बाजूला सारता येत नाही. पुरुषाला सुचलं की त्याला 'दृष्टी' म्हणतात आणि नटीला सुचलं की 'कल्पना' म्हणतात, ही सवय आता सोडायला हवी.

मालिका दाखवणाऱ्या वाहिनीचाही तिच्यावर विश्वास नव्हता. १० ऑक्टोबर १९७१ रोजी पहिला भाग लागला तो रविवारी रात्री उशिरा, म्हणजे कुणी पाहिलाच तर पाहिला अशा वेळेला. तंत्रज्ञांच्या संपामुळे सुरुवातीचे भाग कृष्णधवल चित्रित झाले होते. तरीही लोक आले, आणि येत राहिले. २१ डिसेंबर १९७५ पर्यंत पाच पर्वं, ६८ भाग.

आता स्मरणरंजनाच्या आरोपाकडे येते. हा आरोप करणाऱ्यांनी मालिकेचा पहिला भाग पाहिलेला नाही, असं मी जबाबदारीनं म्हणते. फे वेल्डन यांनी लिहिलेला तो भाग. साल १९०३. एक मुलगी नोकरी मागायला ईटन प्लेसच्या पुढच्या दाराशी येते. तिला बाजूच्या पायऱ्या उतरून तळघराच्या दारानं यायला सांगतात. मग तिला मालकिणीसमोर, लेडी मार्जोरीसमोर उभं केलं जातं. मुलगी आपलं नाव क्लेमन्स सांगते. मालकीणबाईंना ते मोलकरणीला शोभेसं वाटत नाही. त्या तिथल्या तिथे तिचं नाव सारा ठेवतात. आवाज चढत नाही, कुणी रागावत नाही, मालकीणबाई तर आपल्या परीनं सौजन्यानंच वागत असतात. आणि एका माणसाचं नाव जातं. लग्नात नवऱ्याकडच्यांनी तांदळात नवं नाव लिहिलेल्या कितीतरी मराठी बायकांना त्या प्रसंगाचं स्पष्टीकरण लागणार नाही. गतवैभवाच्या प्रेमात पडलेली मालिका स्वतःची ओळख अशा प्रसंगानं करून देत नाही.

पुढे तर मालिका आणखी निष्ठुर होते. स्वयंपाकघरात खालच्या पायरीवर असलेली एमिली नावाची आयरिश पोर दुसऱ्या घरच्या नोकराच्या प्रेमात पडते. त्याच्या मालकिणीला ते मान्य नसतं, तो तिला टाकतो, आणि एमिली गळफास लावून घेते. हे पहिल्याच पर्वात. तिच्याशी कडक वागलेली स्वयंपाकीण मिसेस ब्रिजेस त्या अपराधाखाली अशी मोडते की पुढे एकदा दुसऱ्याचं तान्हं मूल उचलून आणते. एका मुलीच्या मरणाचा हिशेब एका भागात मिटवून टाकायचा नाही, तो दुसऱ्या बाईच्या अंगावर चढलेला दाखवायचा, हे धाडस त्या काळच्या करमणुकीच्या मालिकांत सहसा दिसत नव्हतं.

आणि 'गेस्ट ऑफ ऑनर' हा भाग. राजे सातवे एडवर्ड ईटन प्लेसला जेवायला येणार आहेत. वर पत्त्यांचा डाव, उंची मद्य, राजाच्या आवडीनिवडींची धांदल. खाली सारा आलेली आहे, बाळंतवेणांनी विव्हळत. मूल घरच्याच मुलाचं, जेम्स बेलामीचं. राजाला आवाज जाऊ नये म्हणून सगळ्यांची धडपड. बाळ जगत नाही. वरचा डाव मात्र चालूच राहतो. एकाच छपराखाली, एकाच रात्री, दोन मजल्यांवर. हिरव्या दाराचं खरं काम काय असतं, ते त्या एका भागात जितकं कळतं तितकं इतिहासाच्या पुस्तकातूनही कळत नाही. याला कुणी स्मरणरंजन म्हणत असेल तर त्यानं कशाचं स्मरण केलं, हे त्यालाच विचारायला हवं.

मग गोडगोडपणाची ही प्रतिमा आली कुठून? एक कारण मला दिसतं. अमेरिकेत १९७४ पासून ही मालिका 'मास्टरपीस थिएटर'मधून दाखवली गेली, आणि जगभरातली तिची कीर्ती पुष्कळशी तिथून पसरली. पण पहिल्या दोन पर्वांतले बरेच भाग तिथे त्या वेळी दाखवलेच नाहीत. सुरुवातीचं खालचं जग, त्यातलं सर्वांत काळं, बऱ्याच जणांपर्यंत पोहोचलंच नाही. दुसरं कारण म्हणजे नंतर आलेल्या नकला. सप्टेंबर २०१० मध्ये सुरू झालेल्या 'डाउन्टन ॲबी'त मालक आणि नोकर एका मोठ्या कुटुंबासारखे वागतात. उमराव दयाळू आहे, बटलर धन्याच्या अब्रूसाठी झुरतो आणि बहुतेक तिढे समजूतदारपणानं सुटतात. ती पाहायला सुंदर मालिका आहे. पण तिच्या गोडीचा ठपका चाळीस वर्षांपूर्वीच्या मालिकेवर ठेवणं म्हणजे नातवाच्या चुकीची शिक्षा आजीला देणं.

नक्कल किती पोकळ असू शकते, याचा पुरावा तर त्याच काळात मिळाला होता. १९७५ मध्ये अमेरिकी वाहिनी सीबीएसनं 'बीकन हिल' नावाची मालिका काढली. बॉस्टनमधलं श्रीमंत घर, वर मालक, खाली नोकर, भरपूर खर्च, भरपूर जाहिरात. काही महिन्यांत ती बंद पडली. घर होतं, जिना होता, गणवेश होते. जिन्याखालच्या माणसाच्या बाजूनं जग पाहण्याची असोशी तिथे नव्हती.

आता अभिनयाकडे. 'एका भूमिकेची अभिनेत्री' हे म्हणणं वस्तुस्थितीला धरून नाहीच. १९५९ मध्ये मार्श 'द ट्वायलाइट झोन'च्या 'द लोनली' या भागात एका ओसाड लघुग्रहावरच्या कैद्याला सोबत म्हणून दिलेली यंत्रबाई झाल्या. त्याच वर्षी ब्रॉडवेवर जॉन गिलगुड यांच्याबरोबर शेक्सपिअरच्या 'मच अडू अबाउट नथिंग'मध्ये त्यांनी हीरो नावाच्या तरुणीची भूमिका केली. 'डॉक्टर हू'मध्ये त्या तीन वेगवेगळ्या रूपांत आल्या: १९६५ मध्ये राजा रिचर्डची बहीण, त्याच वर्षी सुरू झालेल्या दुसऱ्या कथेत सारा किंगडम, आणि १९८९ मध्ये मॉर्गेन. हिचकॉकच्या 'फ्रेन्झी'त त्या आहेत. 'रिटर्न टू ऑझ' आणि 'विलो' या चित्रपटांतल्या त्यांच्या दुष्ट राण्या-चेटकिणींनी एका पिढीतल्या मुलांची झोप उडवली.

पण ही यादी हा माझा मुख्य मुद्दा नाही. समजा, त्यांनी रोझखेरीज काहीच केलं नसतं. तरी काय बिघडलं असतं? ६८ भागांच्या मालिकेत, १९०३ ते १९३० या सत्तावीस वर्षांच्या कथाकाळात, एका बाईला पडद्यावर वाढवत नेणं, म्हातारपणाच्या उंबरठ्यापर्यंत आणणं, हे रंगमंचावर किंवा चित्रपटात कुणाला करायलाच मिळत नाही. ते दूरचित्रवाणीचं स्वतःचं सामर्थ्य आहे, आणि त्या सामर्थ्याला पुरेल असा नट लागतो. मार्श यांना त्यासाठी १९७५ चा नाट्यमालिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीचा एमी मिळाला.

रोझ मुद्दाम आवडावी अशी त्यांनी तिला केलेलीच नाही. ती कडक आहे, तोंडाळ आहे, साराच्या मोकळेपणाचा तिला हेवा वाटतो आणि त्या मोकळेपणाशिवाय तिला करमतही नाही. माळ्यावरच्या खोलीत दोघी झोपतात. तिथले त्यांचे संवाद म्हणजे मालिकेचं मर्म. एकीला पळून जायचं आहे आणि दुसरीला इथेच टिकायचं आहे. (सारा मुळात ॲटकिन्स करणार होत्या. त्या वेळी त्या नाटकात अडकल्यामुळे ती भूमिका पॉलिन कॉलिन्स यांच्याकडे गेली, आणि त्यांनी ती झळाळून टाकली.) नोकरी हेच आपलं घर मानणाऱ्या माणसाचा ताठा आणि त्या ताठ्यामागची भीती मार्श यांनी एकाच चेहऱ्यावर दाखवली. मालकिणीसमोर त्यांचे खांदे वेगळे असतात, स्वयंपाकघरात वेगळे, आणि माळ्यावर दिवा मालवताना पुन्हा वेगळे. याला एका भूमिकेची मर्यादा म्हणायचं की एका भूमिकेची खोली?

सगळ्यांत वजनदार आक्षेप डावीकडून येतो, आणि त्याचा मला आदर आहे. तो असा: रोझ कधीच बंड करत नाही. शेवटच्या भागात बटलर हडसन आणि मिसेस ब्रिजेस लग्न करून समुद्रकाठी स्वतःचं पाहुण्यांसाठीचं घर चालवायला जातात. रोझ मात्र बेलामींबरोबरच नोकर म्हणून जाते. मग ही मालिका निष्ठावान नोकराचं कौतुकच करत नाही का?

उत्तरासाठी त्याच्या थोडं आधीचं पाहावं लागतं. पहिल्या महायुद्धात रोझ बसमध्ये तिकिटं फाडते, पहिल्यांदा घराबाहेरचा पगार कमावते. ग्रेगरी विल्मट नावाच्या ऑस्ट्रेलियन सैनिकाशी तिचं लग्न ठरतं. तो लढाईत मारला जातो. मेलेल्याशी बोलणं व्हावं म्हणून ती भगताकडे जाणाऱ्या बाईसारखी प्लँचेटवाल्यांच्या दाराशीही जाते. ग्रेगरीनं तिच्या नावे १२०० पौंड ठेवलेले असतात. एका मोलकरणीच्या दृष्टीनं ती आयुष्याची सुटका. ते पैसे ती विश्वासानं जेम्स बेलामीच्या हाती गुंतवायला देते, आणि १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत ते सगळे जातात. जेम्स आत्महत्या करतो. घर विकावं लागतं.

निष्ठेची किंमत पौंडांत मोजून दाखवणारी याहून स्पष्ट कथा कुणी सांगावी? रोझ बेलामींबरोबर जाते तेव्हा ती निष्ठेनं जाते की नाइलाजानं, हे मालिका ठरवून देत नाही. पण प्रेक्षकाला माहीत असतं की तिच्याजवळ जाण्यासाठी दुसरी जागा उरलेली नाही, आणि ती का उरली नाही हेही माहीत असतं. बंड करणारी मोलकरीण दाखवणं सोपं होतं, टाळ्याही मिळाल्या असत्या. पण त्या दहा लाखांहून अधिक बायकांपैकी बहुतेकींनी बंड केलं नव्हतं, करणं त्यांना परवडत नव्हतं. त्यांचं आयुष्य खोटं न करता सांगायचं तर ते रोझसारखंच सांगावं लागतं.

मार्श आणि ॲटकिन्स यांच्या डोक्यातला हा प्रश्न एका मालिकेपुरता नव्हता, हेही नोंदवायला हवं. १९९१ ते १९९४ या काळात बीबीसीवर आलेली 'द हाउस ऑफ एलियट' हीसुद्धा या दोघींचीच. १९२० च्या दशकातल्या लंडनमध्ये दोन बहिणी, बिया आणि एव्ही, वडील वारल्यावर शिवणकाम आणि कपड्यांच्या रचनेच्या बळावर स्वतःचा व्यवसाय उभा करतात. पुन्हा कपडे. 'फोरसाइट'मध्ये ज्या झग्यांकडे पाहून प्रश्न पडला होता, त्या झग्यांमागच्या हातांची आणखी एक कथा. हे सगळं लक्षात घेऊनही ज्यांना मार्श यांना केवळ नटी म्हणायचं असेल, त्यांनी एकाच धाग्यानं जोडलेल्या अशा दोन मालिका सुचवणाऱ्या पुरुषाला काय म्हटलं असतं, तेही सांगावं.

२०१० च्या डिसेंबरमध्ये बीबीसीनं 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' पुन्हा सुरू केली. या वेळी ॲटकिन्सही पडद्यावर आल्या, हिंदुस्थानातून परतलेल्या लेडी मॉड म्हणून. त्यांच्याबरोबर अमनजीत नावाचा शीख चिटणीस आणि एक माकड. आर्ट मलिक यांनी साकारलेला हा चिटणीस घरात आला की वरच्या माणसांना आणि खालच्या माणसांना, दोघांनाही कळत नाही की याला कोणत्या मजल्यावर बसवायचं. साम्राज्याच्या राजधानीतल्या घराचा जिना त्याच्यासाठी बांधलेलाच नव्हता. तो छोटा धागा त्या पुनरागमनातल्या उत्तम गोष्टींपैकी एक आहे. पुढच्या वर्षी मार्श यांना पक्षाघाताचा झटका आला. २०१२ च्या पर्वात त्यामुळे त्या फार थोड्या दिसल्या आणि ती मालिकाही तिथेच थांबली.

पण २०१० च्या त्या तीन भागांच्या पहिल्या पर्वात १९३६ सालची रोझ आपल्याला कुठे भेटते? 'बक्स ऑफ बेलग्रेव्हिया' या कचेरीत. स्वतःच्या आडनावाची पाटी, समोर टेबल, आणि घरकामाच्या जागांसाठी आलेल्या मुलींना ती कामं मिळवून देते आहे. ईटन प्लेसमध्ये ती पुन्हा जाते, घराची व्यवस्थापक म्हणून, पण आता तिची गरज घराला आहे. पहिल्या मालिकेच्या अखेरीला जिचे १२०० पौंड बुडाले होते, तिला सहा वर्षांत स्वतःच्या नावाचा धंदा उभा करताना दाखवणं हा केवळ योगायोगानं झालेला तपशील नाही. 'रोझनं बंड केलं नाही' म्हणणाऱ्यांनी निदान त्या कचेरीच्या पाटीपर्यंत मालिका पाहावी आणि मग बोलावं.